ऑस्ट्रेलियात मराठी गाणी रेकॉर्ड करताय? मग एअर अवॉर्ड्सला एन्ट्री कशी पाठवायची ते वाचा

मेलबर्न, सिडनी, पर्थ, कुठेही बघा, गणपतीच्या स्टेजवर गाणारी आपली मंडळी आता नुसती दुसऱ्यांची गाणी गात नाहीत, स्वतः चाली लावून रेकॉर्ड पण करतायत. आवाज घरातल्या गॅरेजमध्ये, तबल्याची फाइल पुण्याहून आलेली, बासरी ओळखीतल्या कुणीतरी वाजवलेली, आणि सगळं झालं की गाणं यूट्यूबवर टाकायचं, मंडळाच्या ग्रुपवर लिंक फिरवायची, भरपूर अंगठे आणि "खूप छान" मिळवायचे की विषय संपला. पुढे काय करता येतं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि या देशात पुढे करण्यासारखं बरंच आहे, त्यातली एक गोष्ट म्हणजे एअर अवॉर्ड्स.

आपल्या पिढीला एअर म्हटलं की आकाशवाणी आठवते पण हे ते नाही. हे एअर म्हणजे ऑस्ट्रेलियन इंडिपेंडंट रेकॉर्ड लेबल्स असोसिएशन, १९९६ ची संस्था, अ‍ॅडलेडची. २००६ पासून ते दरवर्षी फक्त स्वतंत्र कलाकारांच्या आणि स्वतंत्र लेबलांच्या रेकॉर्डिंगना राष्ट्रीय पातळीवर बक्षिसं देतात. मध्ये काही वर्षं स्पॉन्सर म्हणून येगरमायस्टर आणि मग कार्लटन ड्राय या ब्रँडचं नाव बक्षिसालाच लागलेलं असायचं (दारू आणि संगीत, जुनं नातं), २०१७ पासून सोहळा अ‍ॅडलेडला भरतो आणि त्याच सुमारास इंडी-कॉन नावाची कॉन्फरन्स पण असते. एआरिया अवॉर्ड्स वेगळे हं, ते इथल्या एकूण रेकॉर्डिंग इंडस्ट्रीच्या संघटनेचे, १९८७ पासूनचे आणि तिथे मोठ्या कंपन्यांचे कलाकार पण असतात, त्यांच्यात बेस्ट इंडिपेंडंट रिलीज अशी एक कॅटेगरी आहे. एअरमध्ये मात्र सगळा कारभारच स्वतंत्रवाल्यांचा.

आता मुख्य मुद्दा, आणि बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. अशा अवॉर्डला तुमचं गाणं "इंडी" वाटतं का, गिटार आहे का, आवाज खरखरीत आहे का, याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. प्रश्न एवढाच की रेकॉर्डिंगचा मालक कोण. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मेजर कंपन्या, मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, त्यांच्या ताब्यात असेल तर तुम्ही कितीही फाटकी जीन्स घाला, तुम्ही इंडिपेंडंट नाही. आणि मास्टर तुमचा असेल तर चकचकीत पॉप केलंत तरी चालतं. यातली गोची अशी की आजकाल स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या बऱ्याच डिस्ट्रिब्युशन कंपन्याही या तिघांच्याच आहेत, ऑर्चर्ड सोनीचं, एडीए वॉर्नरचं, एवॉल (AWAL) नावाची कंपनी सोनीने २०२१ मध्ये विकत घेतली. पण कोणीतरी गाणं पोचवतं म्हणजे ते त्याचं होत नाही. मालकी आणि पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी, तेव्हा ज्या वर्षी पाठवणार त्या वर्षीच्या नियमांमधली इंडिपेंडंटची व्याख्या आधी उघडा आणि आपलं अ‍ॅग्रीमेंट शेजारी ठेवून ओळ ओळ वाचा.

आपल्या लोकांचं नेमकं इथेच अडतं. मुंबईतल्या एखाद्या म्युझिक कंपनीशी बोलणं झालेलं असतं, "गाणं आमच्या चॅनलवर टाकतो, व्हिडिओचा अर्धा खर्च आम्ही करतो", आनंदाच्या भरात सही होते, आणि त्या कागदात मास्टर कायमचा त्यांच्या नावावर गेलेला असतो. ती कंपनी इथल्या हिशोबात मेजर नसेलही, पण मग मालक ती झाली, तुम्ही नाही, आणि एन्ट्री पाठवायची की नाही हे ठरवणारे पण तेच. ऑस्ट्रेलियात राहून अवॉर्डला गाणं पाठवायचं मनात असेल तर ती सही करायच्या आधी हा विचार करा, नंतर करून उपयोग नाही. ठराविक वर्षांचं लायसन्स देणं आणि मास्टर लिहून देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गोड बोलताना दोन्हीला "टायअप"च म्हणतात.

कोणी म्हणेल आपण कुठले लेबलवाले. अहो, इथल्या मोठ्या नावांनी पण हेच केलंय. मेलबर्नच्या कोर्टनी बार्नेटने २०१२ मध्ये स्वतःचीच रेकॉर्ड काढायला मिल्क रेकॉर्ड्स नावाचं लेबल सुरू केलं, आणि २०१५ मध्ये तिच्या पहिल्या अल्बमने याच अवॉर्ड्समधली मुख्य बक्षिसं नेली. हिलटॉप हूड्स हा अ‍ॅडलेडचा हिपहॉप ग्रुप, त्यांनी गोल्डन इरा नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि मग त्याच लेबलवरून ए. बी. ओरिजिनल या जोडीचा अल्बम आला, ज्याला २०१६ चं ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ मिळालं. आपल्याकडेही शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केलं, कलाकारांनी आपलं रेकॉर्डिंग आपल्या हातात ठेवून विकावं म्हणून, तेही तेव्हा जेव्हा बहुतेकांना इंटरनेटवर गाणी विकायची म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. लेबल म्हणजे दहा मजली ऑफिस नसतं. एबीएन, म्हणजे इथला बिझनेस नंबर, काढा, बिझनेस नेम रजिस्टर करा, झालात लेबल.

कागद आधी, माइक नंतर

एका रेकॉर्डिंगमध्ये दोन मालमत्ता असतात हे डोक्यात पक्कं बसवा. एक म्हणजे गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या गाण्याचं हे विशिष्ट रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर. कवितेचे शब्द तुमच्या मावशीचे, चाल तुमची, अरेंजमेंट की-बोर्डवाल्या मित्राची, रेकॉर्डिंगचा खर्च तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा, तर यात कोणाचं काय हे लिहून ठेवलेलं पाहिजे. रेकॉर्डिंगच्या दिवशी, चहा व्हायच्या आत, एका पानावर लिहा: गाण्यात कोणाचे किती टक्के, बेरीज शंभर झालीच पाहिजे, मास्टर कोणाचा, आणि वाजवणाऱ्यांना एकरकमी पैसे दिले का त्यांना पुढच्या कमाईत वाटा आहे. सगळ्यांच्या सह्या. आपल्याकडे हे मागितलं की समोरचा म्हणतो "काय हे, आपल्यात कुठे असलं", पण माझं निरीक्षण असं की "आपल्यात कुठे असलं" म्हणणारेच नंतर मंडळाच्या मीटिंगमध्ये तोंड फिरवून बसतात.

पुण्या-मुंबईहून फाइल पाठवणाऱ्या तबलजींना, बासरीवाल्यांना, कोरसवाल्या पोरींना सुद्धा एक ईमेल करा आणि उत्तरात होकार घ्या: अमुक गाण्यासाठी वाजवलं, एवढे पैसे मिळाले, हे रेकॉर्डिंग जगभर रिलीज करायला आणि अवॉर्डला पाठवायला हरकत नाही, माझं नाव क्रेडिटमध्ये असं असं लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. क्रेडिटमध्ये नुसतं "तबला: सचिन" असं लिहिणं हा त्या माणसाचा अपमान आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आडनावासकट लिहा, आणि त्यांना हवं त्याच स्पेलिंगमध्ये.

आता अभंग, कारण प्रत्येक दुसऱ्या मराठी अल्बममध्ये एक अभंग असतोच. तुकोबांचे, ज्ञानोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, ते शेकडो वर्षं जुने, बिनधास्त गा. पण तुम्ही जी चाल गाताय ती कोणाची? जी चाल रेडिओवर ऐकून आपण "पारंपरिक" समजतो ती बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते, आणि त्या चालीवर कॉपीराइट जिवंत असतो. ऑस्ट्रेलियात लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं. त्यामुळे फॉर्मवर "ट्रॅडिशनल" असं ठोकून देण्याआधी शोधा. खात्री होत नसेल तर सरळ स्वतःची चाल लावा, खरं तर अवॉर्डसाठी तेच जास्त बरं, परीक्षकांना तुमचं काहीतरी ऐकायचं असतं. भावगीतं, नाट्यगीतं, सिनेमातली गाणी यांची कव्हर व्हर्जन करायची असतील तर परवानगी आणि लायसन्सचा रस्ता पकडावा लागतो, पहिल्याच एन्ट्रीसाठी त्या भानगडीत पडू नका.

आणि लूप, म्हणजे परत परत वाजणारा ठेक्याचा तुकडा. ढोल-ताशाचा, लेझमीचा, संबळचा लूप कुठून उचलला? पैसे भरून घेतलेल्या सॅम्पल लायब्ररीतला असेल तर तिचं लायसन्स सेव्ह करून ठेवा. यूट्यूबवरच्या मिरवणुकीच्या व्हिडिओतून काढला असेल तर तो काढून टाका आणि आपल्या इथल्या पथकाला बोलवा, मेलबर्न-सिडनीला ढोल पथकं आहेत की, एक दुपार मोकळ्या हॉलमध्ये चार माइक लावा, आवाज पण दहापट चांगला येईल, आणि रेकॉर्डिंग तुमचं.

नोंदणी

एप्रा अ‍ॅमकॉसमध्ये गाणं लिहिणाऱ्याने आणि चाल लावणाऱ्याने सभासद व्हायचं, एप्राची मेंबरशिप फुकट आहे. एप्रा १९२६ पासून आहे, गाणं कुठे वाजलं की त्याची रॉयल्टी लेखक-संगीतकाराला मिळवून देणं हे त्यांचं काम. तुम्ही मंडळाच्या कार्यक्रमात स्वतःचं गाणं गायलात तर त्याचीही नोंद एप्राकडे करता येते हे आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. दुसरी संस्था पीपीसीए, ती रेकॉर्डिंगच्या बाजूची, म्हणजे मास्टरचा मालक आणि कलाकार यांच्यासाठी. दोन्हीकडे नाव नोंदवा. पहिलीकडे केलं म्हणजे दुसरीकडे आपोआप होतं असं अजिबात नाही.

मग आयएसआरसी. हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा ओळख नंबर, त्यात रजिस्ट्रेशनचा कोड, वर्ष आणि शेवटी पाच आकड्यांचा क्रमांक असतो. इथे एआरियाकडून स्वतःचा कोड घेता येतो, नाहीतर डिस्ट्रिब्युटर देतो. लक्षात ठेवायचं ते असं की रिमिक्स, अनप्लग्ड, कराओके ट्रॅक, प्रत्येकाचा नंबर वेगळा, पण तेच रेकॉर्डिंग डिस्ट्रिब्युटर बदलून परत टाकताय तर नंबर जुनाच ठेवायचा. नंबर बदलला की जुने स्ट्रीम्स एकीकडे आणि नवीन दुसरीकडे, आणि मग निस्तरत बसा. एक साधी एक्सेल शीट करा, गाण्याचं नाव, आयएसआरसी, रिलीजची तारीख, लांबी, लेखक, संगीतकार, गायक, वादक, रेकॉर्डिंग-मिक्सिंग-मास्टरिंग कोणी कुठे केलं. अवॉर्डचा फॉर्म भरताना जे जे विचारतील त्यातलं बरंचसं या एका शीटमध्ये असेल.

नावाचं स्पेलिंग हा आपला खास आजार. स्पॉटिफायवर एक स्पेलिंग, यूट्यूबवर दुसरं, पोस्टरवर आणखी तिसरं, आणि "ळ"चं काय करायचं हे तर कोणीच ठरवलेलं नसतं. एकदाच ठरवा आणि मग जन्मभर तेच वापरा. गाण्याचं नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये, हे पण डिस्ट्रिब्युटरकडे अपलोड करतानाच ठरवायचं, आणि भाषा निवडताना मराठी निवडा, आळस करून हिंदी नको.

कुठल्या कॅटेगरीत टाकायचं

इथे डोकं लावा. एअरच्या कॅटेगऱ्या बऱ्याचशा प्रकारावर आहेत: हिपहॉप, जॅझ, क्लासिकल, ब्लूज आणि रूट्स, कंट्री, पॉप, रॉक, हेवी, डान्स-इलेक्ट्रॉनिक, सोल-आर अँड बी, मुलांची गाणी, शिवाय वर्षाचा अल्बम, वर्षाचं गाणं, नवोदित कलाकार अशा मोठ्या. यात "भारतीय" किंवा "मराठी" असा वेगळा खण नाही आणि नाही तेच बरं, कारण मग आपण सगळे तिथेच एकमेकांच्या अंगावर बसलो असतो. तुमचं संगीत कानाला काय वाटतं ते बघा. मराठी रॅप केलंय? हिपहॉप, भाषेचा संबंधच नाही. तबला-सॅक्सोफोन असं काही असेल तर जॅझ, आणि याला इथे परंपरा पण आहे, सँडी इव्हान्स या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बाईंनी शुभा मुद्गल, अनीश प्रधान आणि हार्मोनियमवाले सुधीर नायक यांच्यासोबत बिग बँड घेऊन काम केलंय, सिडनीचे तबलावादक बॉबी सिंग त्यात आहेत. शोधून ऐका, आपला राग आणि वीस-बावीस जणांचा बँड एकत्र कसा बसवतात ते कळेल.

क्लासिकल या शब्दाने मात्र फसू नका. ख्याल गायलात म्हणून डोळे झाकून क्लासिकलमध्ये टाकू नका, तिथे परीक्षकांच्या डोक्यात बहुधा स्ट्रिंग क्वार्टेट असतं. टाकायचंच असेल तर सोबतच्या माहितीत ख्याल म्हणजे काय, यात बांधून ठेवलेलं किती आणि त्या क्षणी सुचलेलं किती, हे चार ओळीत सांगा. शंका असेल तर आयोजकांना ईमेल करून विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कॅटेगरी म्हणजे मुलांची गाणी. इथे वाढणाऱ्या पोरांसाठी किती जणी बडबडगीतं करतायत, मराठी शाळेत शिकवतायत, त्यांच्यापैकी कोणी नीट निर्मिती करून सहा गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढला तर तो तिथे अगदी शोभेल.

"पण भाषा कळणार नाही ना त्यांना", हे वाक्य मी दर वेळी ऐकते. त्याला माझं उत्तर एकच, गुरुमुल. एल्को आयलंडचा, जन्मापासून आंधळा, योल्ङु या आदिवासी भाषांमध्ये गाणारा कलाकार. २००८ मध्ये डार्विनच्या स्किनीफिश या छोट्या लेबलवरून त्याचा पहिला अल्बम आला आणि त्याला एआरियाचं बेस्ट इंडिपेंडंट रिलीज मिळालं. २०१७ मध्ये तो गेला, त्यानंतर २०१८ मध्ये आलेला 'जारिमिरी' हा अल्बम एआरिया चार्टवर पहिल्या नंबरला पोचला, आदिवासी भाषेतला तिथे पोचलेला पहिलाच, आणि त्या वर्षीचं ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ पण त्यालाच. त्याची भाषा समजणारे लोक या देशात आपल्या मराठी लोकांपेक्षाही कमी असतील. तो या मातीतला आणि आपण बाहेरून आलेलो, हा फरक आहेच, मी बरोबरी करत नाहीये, पण शब्द कळत नाहीत म्हणून इथे ऐकत नाहीत ही सबब तरी उरत नाही.

एन्ट्रीचं पाकीट

निवड एसएमएसच्या मतांवर होत नाही, म्युझिक क्षेत्रातले परीक्षक ऐकतात, त्यामुळे "सगळ्यांनी व्होट करा" असा मेसेज फिरवायची गरज नाही (देवाची कृपा). परीक्षकाकडे ढीगभर एन्ट्री असतात, तेव्हा त्याचं काम सोपं करा.

ऑडिओची मूळ फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, २४ बिट, हाताशी ठेवा, एमपी३ वरून परत वेव्ह बनवून देऊ नका, ऐकणाऱ्याला कळतं. मास्टरिंग दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, ज्याने मिक्स केलं त्याच्याकडून नको, त्याचे कान त्या गाण्याला सरावलेले असतात. आणि आवाज फुगवायच्या नादी लागू नका, स्ट्रीमिंगवाले सगळ्यांची पातळी एकसारखी करतातच, फुगवून फक्त तबल्याची थाप मरते. लिंक दिली असेल तर ती ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये उघडून बघा, तुमच्या लॉगिनमध्ये चालते म्हणजे परीक्षकाकडे चालेल असं नाही, आणि निकाल लागेपर्यंत ती लिंक डिलीट करू नका.

अल्बम पाठवताय पण एखादं गाणं पुढे करायचं असेल तर कोणतं? दोन मिनिटांच्या आलापाने सुरू होणारं नको. आलाप अल्बममधून कापा असं मी मुळीच म्हणत नाहीये, तो तिथे राहू दे, पण अनोळखी माणसाच्या कानात पहिलं काय पडावं हे तुमच्या हातात आहे. ज्यात पहिल्या अर्ध्या मिनिटात तुमचा आवाज आणि तुमचा ठेका दोन्ही ऐकू येतात ते गाणं पुढे करा.

गाण्याचा अर्थ इंग्रजीत द्या, पण शब्दाला शब्द नको. "पावसाची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं, तिचा नवरा शहरात कामाला गेलाय" एवढं पुरतं, पूर्ण भाषांतर लागलं तर वेगळ्या पानावर. स्वतःबद्दलचा मजकूर दीडशे शब्दांत बसवा, आणि कृपा करून "लहानपणापासूनच संगीताची आवड" हे वाक्य नको, ते सगळ्यांनाच असतं. तुम्ही कोण, कुठे राहता, या रेकॉर्डिंगमध्ये वेगळं काय केलंत, कोणासोबत केलंत. गुरूंचं नाव घ्या, पण बाहेरच्याला ते नाव माहीत नसणार हे धरून एक ओळ त्यांच्याबद्दल लिहा. कव्हर आर्ट ३००० बाय ३००० पिक्सेलचं, फोटो नीट प्रकाशातला आणि फोटोग्राफरच्या नावासकट. हॉलच्या स्टेजवरचा, मागे थर्माकोलचं मखर दिसणारा फोटो मला व्यक्तिशः आवडतो पण इथे नका पाठवू.

रिलीज केल्यापासून काय काय झालं त्याची पण नोंद ठेवत जा. ट्रिपल जे या रेडिओच्या अनअर्थ्ड साइटवर गाणं फुकट अपलोड करता येतं. आमरॅप नावाची सोय आहे, तिच्यातून कम्युनिटी रेडिओ स्टेशनांपर्यंत ऑस्ट्रेलियन संगीत पोचतं. एसबीएस हा बहुभाषिक रेडिओ आहे, त्यांना कळवा. कुठे वाजलं, कोणी काय लिहिलं, कुठे कार्यक्रम झाला, तारखांसकट. खरं तेवढंच लिहा, विकत घेतलेले व्ह्यूज बघणाऱ्याला लगेच दिसतात, कारण लाखभर व्ह्यूजखाली सहा कॉमेंट असतात.

वेळेचं गणित

साधारण मागच्या कॅलेंडर वर्षात रिलीज झालेली रेकॉर्डिंग पुढच्या वर्षीच्या अवॉर्डला चालतात, आणि सोहळा वर्षाच्या मध्यावर, इथल्या थंडीत. म्हणजे जानेवारीत रिलीज केलंत तर सोहळ्यापर्यंत दीड वर्ष, तोवर तुम्ही स्वतःच ते गाणं विसराल. आणि ३१ डिसेंबरला घाईघाईत टाकलंत तर एन्ट्रीच्या वेळेपर्यंत त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच घडलेलं नसतं, शिवाय डिसेंबरात इथे सगळा देश बीचवर असतो, ईमेलला कोणी उत्तर देत नाही. आपल्यासाठी गणपती ते दिवाळी हा काळ झकास बसतो, आपले श्रोते जागे असतात, कार्यक्रम असतात, आणि नंतर दोन-तीन महिने हातात राहतात. डिस्ट्रिब्युटरकडे रिलीजच्या चारेक आठवडे आधी फाइल द्या, आदल्या रात्री नाही.

कलाकार ऑस्ट्रेलियन असावा ही अट असते, तेव्हा विद्यार्थी व्हिसावर किंवा वर्क व्हिसावर असाल, किंवा अर्धा बँड पुण्यात आणि अर्धा ब्रिस्बेनमध्ये असेल, तर त्यासाठी नियमात काय म्हटलंय ते फॉर्म भरायच्या आधी बघा, शंका राहिली तर तेही ईमेलवरच विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं. फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका हे सांगायला नको, पण आपण सगळे भरतोच, म्हणून सांगते.

एन्ट्री गेल्यावर

पाठवली म्हणजे "नॉमिनेट झालो" नाही! हे जरा कडक सांगते कारण फेसबुकवर फार चाललंय. फॉर्म भरला, पोचल्याचा ईमेल आला, की लगेच "नॉमिनेटेड फॉर" असं पोस्टर, फुलं, अभिनंदन. नॉमिनेशन म्हणजे आयोजकांनी जाहीर केलेल्या यादीत तुमचं नाव. त्याआधी तुम्ही फक्त एन्ट्री पाठवलेली असते, आणि ते लपवून मोठं करून सांगितलं की ज्यांना हा धंदा कळतो त्यांच्यासमोर तुमची किंमत जाते.

तसंच ऑनलाइन फिरणाऱ्या "इंटरनॅशनल" अवॉर्डांपासून सांभाळून. ओळखायची खूण सोपी आहे: दर महिन्याला विजेते, चाळीस-पन्नास कॅटेगऱ्या, मागच्या वर्षीच्या विजेत्यांपैकी एकाचंही नाव ऐकलेलं नाही, परीक्षक कोण ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि जिंकलात की ट्रॉफीचे पैसे तुम्हीच भरायचे. खऱ्या बक्षिसामागे सभासद असलेली संस्था असते, नियम छापलेले असतात, जुन्या निकालांची यादी असते, आणि न जिंकणारे लोक पण असतात.

यादीत नाव आलंच तर अ‍ॅडलेडला स्वतः जा. जुलैच्या शेवटी तिथे बोचरी थंडी असते, पैठणीवर जॅकेट घालायची तयारी ठेवा. सोहळ्यापेक्षा इंडी-कॉनमध्ये जास्त कामाच्या ओळखी होतात असं माझं मत, बुकिंग एजंट, रेडिओवाले, छोटी लेबलं चालवणारी माणसं तिथे चहा-कॉफीच्या वेळी सहज बोलतात. यादीत नाव आलं नाही तर परीक्षकांना "का नाही" असं विचारू नका, तेच पाकीट एआरियाच्या वर्ल्ड म्युझिक अल्बम कॅटेगरीसाठी किंवा ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझसाठी जुळतंय का आणि त्यांच्या तारखा गेल्या नाहीत ना ते बघा. एआरियाच्या वर्ल्ड म्युझिकमध्ये २०१० साली मामादू दियाबाते, बॉबी सिंग आणि जेफ लँग यांचा कोरा (आफ्रिकेतलं एक तंतुवाद्य), तबला आणि गिटारचा अल्बम जिंकला होता, त्यामुळे तिथे तबला ऐकायची सवय आहे.

ऑस्ट्रेलियाबाहेरच्या मराठी मंडळींनो, तुमच्याकडेही आपापलं काही ना काही आहे. न्यूझीलंडला टेट म्युझिक प्राइझ, डिलन टेट या संगीत पत्रकाराच्या नावाने, २०१० पासून, तिथल्या इंडिपेंडंट म्युझिक संस्थेकडून. ब्रिटनमध्ये एम (AIM) अवॉर्ड्स २०११ पासून, अमेरिकेत लिबेरा अवॉर्ड्स २०१२ पासून. नियम प्रत्येकाचे वेगळे, टेटमध्ये तर लेबल कुठलं हे बघतच नाहीत, फक्त अल्बम बघतात. पण वर सांगितलेली एक्सेल शीट, सह्यांचं पान आणि वेव्ह फाइल या तीन गोष्टी सगळीकडे तशाच लागतात. तेव्हा त्यांची एक कॉपी लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवा, आणि ज्यांनी वाजवलंय त्या सगळ्यांना पण त्या सह्यांच्या पानाची पीडीएफ आजच पाठवून द्या.